मान थोडी खाली

८ नोव्हेंबर

विषय मिळाला एकदाचा! बाईंनी फळ्यावर लिहिलं — 'आपल्या गल्लीतलं, पण सगळ्या जगाला कळेल असं.' शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाचं शेवटचं काम, फेब्रुवारीत प्रदर्शन. मग खडू खाली ठेवून म्हणाल्या, "आणि कंदील नको. गेल्या वर्षी कंदील बघून बघून माझे डोळे गेले. जुनं दार नको, बैलगाडीचं चाक नको. भंगारवाल्याकडून उचललेली संस्कृती मला दाखवू नका." मागच्या बाकावरच्या दाढीवाल्याचा चेहरा पडला. त्याने चाक आणूनसुद्धा ठेवलंय म्हणे!

मला काय सुचणार, कप्पाळ? आमच्या गल्लीत आहे काय — एक बेकरी, एक सायकलवाला, पोस्ट, आणि बाबांचं केस कापायचं दुकान. जगाला कळायचं सोडा, मला तरी कुठे कळलंय त्यात काय आहे ते.

१२ नोव्हेंबर

काही सुचत नाही. कागद फाडले. आई म्हणाली, केर तूच काढ.

१५ नोव्हेंबर

सुचलं! सुचलं! सुचलं!

आईने बाबांचा डबा द्यायला दुकानात पाठवलं होतं. खुर्चीत पोस्टमनकाका. बाबा केस कापतायत आणि तोंडाची टकळी चालू. मी आपली बाकावर बसून वहीत कात्री काढली, आरसा काढला, सगळं भिकार. मग एकदम दिसलं. कात्रीचा हात नाही, दुसरा! सगळे उजव्या हाताकडे बघतात, कौतुक त्याचं. डावा बिचारा नुसतं डोकं धरतो. "मान थोडी खाली," बाबा म्हणतात, आणि तळव्याने डोकं हळूच पुढे करतात. आणि माणूस करतो की! पोस्टमनकाका बायकोचं ऐकत नाहीत, साहेबाचं ऐकत नाहीत, पण त्या हाताखाली डोळे मिटून मान खाली. फौजदार येतो, तोही तसाच. बेकरीवाला तर घोरतो.

मोठ्या झालेल्या माणसाच्या डोक्यावर असा हात कोण ठेवतं? कोणीच नाही. आई-बाप गेले की संपलं. म्हणून तर महिना भरला नाही तरी येतात लोक, केस कुठे वाढलेले असतात!

तो डावा हात करायचा. प्लास्टरमध्ये. खराखुरा, साचा घेऊन.

१७ नोव्हेंबर

बाईंना सांगितलं. दुकानाची जुनी खुर्ची मांडायची, मागे लोखंडी दांड्यावर हात बसवायचा. बघायला येईल त्याने खुर्चीत बसायचं आणि त्या हातात डोकं टेकायचं. नाव — 'मान थोडी खाली'.

बाई म्हणाल्या, "घरगुती होतंय जरा." मग खिडकीबाहेर बघत बसल्या. मग म्हणाल्या, "कर."

बाबांना सांगितलं तर हसून हसून खोकला लागला. "माझा हात प्रदर्शनात? आणि बाकीचा मी दाराबाहेर उभा राहू का रे बोक्या?" मला बोक्या म्हणतात अजून. कॉलेजात कळलं तर मेलेच मी.

२१ नोव्हेंबर

सराव झाला. शिल्पशाळेत भट्टी सांभाळणारे काका आहेत, त्यांना आम्ही भट्टीकाका म्हणतो. ते म्हणाले, आधी स्वतःच्या हातावर कर, मग बापाच्या हाताला हात लाव. म्हणून माझाच डावा हात, बाबा धरतात अगदी तसा. डोक्याच्या जागी फुटबॉल.

पहिला थर निळा असतो. प्लास्टरमध्ये नीळ कालवायची. त्यावर पांढरे थर. हात काढून घेतला की आत पोकळी राहते; पुढे त्या पोकळीत प्लास्टर ओतलं, ते आत घट्ट झालं, की बाहेरचा साचा छिन्नीने फोडून टाकायचा. फोडता फोडता निळं दिसलं की आपला हात हलका करायचा, म्हणजे आतला हात आलाय जवळ. एका साच्यातून एकच हात निघतो. बिघडला की बिघडला. काका म्हणाले, "नापास झालं तर परीक्षा पुन्हा देता येते, पोरी. हे नाही."

अर्ध्याहून जास्त काम त्यांनीच केलं, माझा एक हात अडकलेला, मी काय करणार? त्यामुळे साचा झाला मात्र सुबक. बाहेरूनसुद्धा गुळगुळीत, त्यांना तशीच सवय. दोन भाग सोडवून हात बाहेर काढला, ओतलेलं चिकटू नये म्हणून आतून ब्रशने साबण फिरवला, भाग पुन्हा जोडून दोरीने बांधले. वर लाल खडूने लिहिलं — 'मी'.

२३ नोव्हेंबर

बाबांचा हात!! दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून दुकानातच केला.

मनगटापर्यंत व्हॅसलीन फासलं तर म्हणतात, "लग्नात एवढा नटवला नव्हता मला कोणी." पुढे सगळी फजिती. पाणी टाकीतलं, उन्हाने कोमट झालेलं. कोमट पाण्यात प्लास्टर भराभर आळतं, हे कोणाला सुचलंय त्या वेळी! नुसती धावाधाव. निळा थर कसाबसा बसला, मग जिथे पडेल तिथे थापत सुटले. वरून सगळी ढेकळं. आई बघायला आली आणि म्हणाली, "हे काय, वारूळ केलंस का बापाच्या हाताचं?"

मग बाबा बोलता बोलता गप्प झाले. प्लास्टर घट्ट होताना तापतं. म्हणाले, "गरम होतंय गं. कोणी हात धरल्यासारखं वाटतंय." आणि तसेच बसून राहिले, आरशात बघत.

साचा काढताना मात्र बोंबलले! मनगटावरचे केस आत रुतले होते. "जन्मभर लोकांचे केस कापले, कधी कोणाचा उपटला नाही, आणि तू सख्ख्या बापाचे उपटतेस?" चार-पाच केस खरंच राहिलेत आत. चिमट्याने काढायला गेले तर म्हणाले, "राहू दे. माझी सही समज."

हात धुतल्यावर तळव्याला तळवा लावून मापला, लहानपणी मापायचो तसा. माझा कांडभर मोठा निघाला! बाबा म्हणाले, "हात माझाच घेतलास, वर थोडा लाटलासही." आई म्हणाली, बोटं बघा, जशीच्या तशी. आम्ही दोघं हात समोर धरून बघत बसलो. सायकलवाला येईपर्यंत.

साबण, दोरी, लाल खडूने 'बाबा'. साचा शिल्पशाळेत माझ्या फळीवर ठेवलाय.

३ डिसेंबर

बाबा रोज विचारतात, "माझा हात कधी निघणार बाहेर?" म्हटलं, लेखी परीक्षा होऊ दे. घाई काय आहे!

९ डिसेंबर

बाबा गेले.

२१ डिसेंबर

पोस्टमनकाका आले होते. आतापर्यंत येत होते ते दाराशीच उभे राहून जायचे. आज आत आले. पाणी घेतलं नाही. खुर्चीत तेच होते त्या दिवशी.

म्हणाले, "नेहमीसारखं चाललं होतं. माझ्या मेहुण्याची टिंगल करत होते. मग डोक्यावरचा हात जड झाला. मला वाटलं, मान खाली करायला सांगतायत. मी केली खाली. अजून जड झाला. मी अजून खाली केली. म्हटलं, आज किती वाकवतायत. मी हसत होतो हो! डोळे मिटून हसत होतो. मग खाली आवाज झाला तेव्हा वर बघितलं."

हे सांगून रडायला लागले. एवढा मोठा माणूस, गणवेशात. त्यांचे अर्धे केस कापलेले, अर्धे तसेच. दुसरीकडे गेलेले नाहीत. आई म्हणाली, "अहो, जाऊन कापून घ्या ना, असं काय फिरताय." ते म्हणाले, "नाही होत वहिनी."

मी उठून आत गेले. मला ऐकवत नव्हतं. मला त्यांचा राग आला, खरं सांगते. शेवटचा हात त्यांच्या डोक्यावर होता. माझ्या का नाही?

३० डिसेंबर

घरात नको वाटतं. आई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहते. नुसती चौकटीला टेकून. मी पुस्तकात डोकं घालते. ती जवळ आली, तिने हात लावला, तर मी फुटेन. एकदा फुटले की मला नाही आवरता येणार. मग ती जाते. भांड्यांचा आवाज येतो.

सकाळी लवकर निघते. जेवण उभ्याने.

५ जानेवारी

कॉलेज सुरू. बाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "हे बघ, नको वाटत असेल तर विषय बदल. कोणी काही म्हणणार नाही." म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "नीट विचार कर. घाईने केलं तर जन्माची चुटपुट लागेल." म्हटलं, विचार झालाय.

काय विचार करायचा? माझ्याकडे बाबांचा हात आहे. कोणाकडे असतो? लोकांकडे फोटो असतात, चष्मा असतो, चपला असतात. माझ्याकडे हात आहे, रेषा न रेषा, नखं, मनगट, सगळा. फळीवर. एकदाच निघणार आहे, पण निघणार आहे.

जगाला कळो नाहीतर खड्ड्यात जावो जग. मला तो हात हवाय.

९ जानेवारी

दोन्ही साचे खाली काढले. भट्टीकाका म्हणाले, "आधी सरावाचा ओत. हात बसू दे. मग तो." आणि भट्टीकडे गेले. कोरडा साचा प्लास्टरमधलं पाणी पिऊन टाकतो, म्हणून आधी भिजवावा लागतो. दोन्ही टाकीत बुडवले. बाहेर काढते तर खडू गायब! दोन्हीवर नुसता लाल ओघळ.

काकांना हाक मारून सांगितलं तर तिकडूनच ओरडले, "उघडून बघ की."

उघडणार नाही मी. आत त्यांच्या हाताची रिकामी जागा आहे. ती बघायची हिंमत नाही माझ्यात. आणि काकांना विचारून उपयोग नाही, वर्षाला शेकडो साचे त्यांच्या हाताखालून जातात, त्यांना काय आठवणार? शिवाय उघडायची गरजच काय! एक साचा ओबडधोबड, नुसती ढेकळं. दुसरा किती सुबक, किती जपून केलेला. पहिल्यांदा करताना हात बसलेला नव्हता, तो सरावाचा. आणि बाबांचा तर मी जीव ओतून केला होता. एवढं न कळायला मी काय आंधळी आहे?

ढेकळांचा ओतला. उद्या फोडायचा.

१० जानेवारी

सरावाचा फोडला. फटाफट. निळं दिसलं तरी थांबले नाही, सराव तर आहे! छिन्नी बसली ती थेट बोटांवर. दोन बोटं टणकन उडाली, अंगठ्यात हा एवढा बुडबुडा. आणि मी हसले. किती दिवसांनी हसले! काकांना म्हटलं, "बघा, माझी बोटं गेली!" तेही हसले. म्हणाले, "आता शहाणपण आलं ना? पुढचा फोडताना कळेल."

मनगटाशी चार-पाच केस चिकटले होते. साबण लावायच्या ब्रशचे केस कायम गळतात. काकांना म्हटलं, नवा घ्या आता, जीव गेलाय त्याचा.

तुकडे मागच्या मलब्याच्या पिंपात टाकले. माझ्या हाताला कोण विचारतंय!

१२ जानेवारी

बाबांचा ओतला.

वरून साबणाचं पाणी घालून घुसळून काढलं, मग प्लास्टर थोडं थोडं, हलवत, हळूहळू, बुडबुडा राहायला नको. सगळं ओतून झालं आणि मी साचा मांडीवर घेऊन बसले. तो तापायला लागला. बाहेरपर्यंत आलं ते गरम. मी दोन्ही हातांनी धरून बसले. बाबा म्हणाले होते, कोणी हात धरल्यासारखं. बाबा, मीच धरलाय. मग रडले. मोठमोठ्याने, मुलं बघत होती तरी. काकांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं.

गार होईपर्यंत सोडला नाही.

१४ जानेवारी

निघाला.

सकाळपासून छिन्नी. टिचकी मारल्यासारखी, नखभर नखभर. निळं दिसलं की श्वास धरायचा. पहिल्यांदा अंगठा आला. मग तळवा. मग एक एक बोट. एकही गेलं नाही! काका शेवटी शेवटी शेजारी येऊन बसले होते.

तोच हात. तीच बोटं. तसाच किंचित वाकलेला, आत डोकं मावेल असा.

मधल्या बोटावर कात्री लागल्याची जुनी खूण होती त्यांना, ती उठली नाही. फार शोधली. काका म्हणाले, साबण जास्त झाला की बारीकसारीक जातं. आणि जरा मोठाही वाटला मला. काका म्हणाले, "प्लास्टर फुगतं थोडं. आणि माणूस गेल्यावर त्याचं सगळं मोठंच वाटतं, पोरी."

केसही नाही आले. सही राहूनच गेली.

१६ जानेवारी

मलब्याचा ट्रक येऊन गेला. पिंपं रिकामी झाली, मागचं अंगण केवढं मोठं दिसतंय.

२८ जानेवारी

दुकानाची खुर्ची न्यायची होती. आईला विचारायचा धीर होत नव्हता. दारातून निघता निघता विचारलं. "ने की," म्हणाली. संध्याकाळी बघते तर खुर्ची पुसून लखलखीत केलेली, पायाकडच्या फटीत अडकलेले केससुद्धा काडीने काढलेले. मला म्हणाली, "जेवून जा तरी बसून." म्हटलं, टेम्पो थांबलाय.

तिने टेम्पोत खुर्चीच्या बाजूला चादर कोंबली, ओरखडा पडायला नको म्हणून. मी पुढे बसले. आरशात दिसत होती, वळेपर्यंत उभी होती.

६ फेब्रुवारी

प्रदर्शन उघडलं. दाढीवाल्याने चाक मांडलंच शेवटी, उभं करून निळं रंगवून! बाईंनी बघितलं, मोठा श्वास घेतला आणि पुढे गेल्या.

सगळी गल्ली आली. बेकरीवाला, सायकलवाला, फौजदार साध्या कपड्यांत. खुर्चीभोवती नुसते उभे. कोणी बसेना. मग पोस्टमनकाका पुढे झाले. केस अजून तसेच, एकीकडे आखूड, एकीकडे कानावर आलेले. बसले, डोळे मिटले, डोकं मागे टेकलं. मग ते म्हणाले, "हाच." एवढंच. "हाच तो."

मग रांग लागली. बेकरीवाला बसला तो उठेचना, मागचे ओरडायला लागले. फौजदाराने टोपी घातली होती, ती काढून मांडीवर ठेवली. एक परीक्षक बाहेरच्या देशातून आल्यात, त्यांना आपली भाषा ओ की ठो येत नाही. त्यांना कोणी काही सांगितलं नाही. त्या बसल्या, डोकं टेकलं, आणि थोड्या वेळाने स्वतःच मान खाली केली. उठल्यावर बाईंना खुणेने सांगत होत्या — डोक्यावर हात ठेवून, मग हात खाली, लहान मूल दाखवतात तसा. बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. बाईंचे!

आई सगळ्यांत शेवटी बसली. टेकलं डोकं. लगेच उचललं. पुन्हा टेकलं. मग उठली आणि माझ्याकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ. म्हणाली, "छान झालंय."

छान झालंय! बस, एवढंच? अख्खी गल्ली रडली आणि हिच्या डोळ्यांत टिपूस नाही. माझं डोकंच फिरलं. घरी येताना एक शब्द बोलले नाही मी.

९ फेब्रुवारी

भट्टीकाका म्हणाले, "तुझी आई येते रोज." कोण? माझी आई? "दुपारी, गर्दी नसते तेव्हा. खुर्चीत बसते घटकाभर. डोकं टेकून. झोपते की काय कळत नाही. मी जात नाही जवळ." घरी एका शब्दाने बोलली नाही ती!

परवा उगाच चिडले तिच्यावर. तिला गर्दीत नव्हतं रडायचं. तिला एकटीने भेटायचं होतं बाबांना. बरं झालं मी तो हात केला. आईसाठी तरी झाला.

विचारलं नाही तिला. तिचं ते तिला राहू दे.

१२ फेब्रुवारी

शेवटचा दिवस. पहिलं बक्षीस मला. बाई म्हणाल्या, "घरगुती म्हटलं होतं ना मी? म्हटलं तर म्हटलं!" आणि पाठीत गुद्दा घातला.

सगळे गेल्यावर मी बसले खुर्चीत. इतके दिवस बसले नव्हते, शेवटी बसायचं असं ठरवलं होतं. डोळे मिटले. डोकं टेकलं.

काही नाही.

गार प्लास्टर. पुन्हा टेकलं. मान खाली केली. काहीच नाही! पोस्टमनकाकांना कळलं, बेकरीवाल्याला कळलं, भाषा न येणाऱ्या बाईला कळलं. मी त्यांची मुलगी ना? दहा वर्षांची होईपर्यंत ह्याच खुर्चीत फळी टाकून त्यावर बसवायचे मला. मग मलाच का काही होत नाही? मी विसरले का त्यांचा हात? एवढ्यात?

भट्टीकाकांनी दिवे घालवले तेव्हा उठले.

१३ फेब्रुवारी

सकाळी हात घरी आणला. कपाटावर जागा करत होते, बाबांच्या फोटोशेजारी. आई ओट्याशी भांडी पुसत होती. म्हणाली, "तिथे कशाला ठेवतेस? तुझा आहे तो."

म्हटलं, माझा म्हणजे? बाबांचा.

"तुझा गं. मला पहिल्याच दिवशी कळलं. माझे केस त्यांनीच कापले सगळा जन्म. त्यांचा अंगठा कानामागे टेकायचा. हा पुढे येतो. कांडभर मोठा आहे."

ढेकळं. वारूळ. ते वारूळच बाबांचं होतं. ब्रशचे केस नव्हते ते. आणि मी हसले. बोटं उडाली तेव्हा मी हसले! ट्रक कधीच गेला.

खालीच बसले मी. मग ओरडले तिच्यावर, "मग सांगितलं का नाहीस? आणि रोज कशाला जायचीस? माहीत होतं ना बाबांचा नाही, मग रोज जाऊन डोकं कशाला टेकायचीस?"

आईने हातातलं भांडं फडताळात ठेवलं. फडकं पिळलं.

"तुझा होता म्हणून," म्हणाली. "घरी कुठे जवळ येऊ देतेस?"

मग माझ्यासमोर येऊन खाली बसली आणि तिने मान थोडी खाली केली.